लाल ठिपक्यापुढे

“मगदूम, सरकला गं! सरकला!”

इंगवले सर खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. मी रेकॉर्डरपाशी उभी होते. आलेखाच्या कागदावर पेन हळूहळू खाली येत, निघालं होतं त्या जागेजवळ परत पोचत होतं. जो आकार उमटला तो खरं तर मधल्या उभ्या रेघेवर बसायला हवा होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तो चांगला दोन बोटं डावीकडे बसला होता. ह्या दोन बोटांसाठी आम्ही तीन वर्षं घासत होतो.

“दस्तगीर! अरे, पेढे आण! चांगले आण, मागच्यासारखे पिठाचे नकोत.”

आमचे प्रयोगशाळेतले मदतनीस दस्तगीरमामा पंपाच्या खोलीतून ओले हात पुसत बाहेर आले.

“काय सर, कोन पास झालं?”

“फिल्म पास झाली.”

“आन् ताई?”

“ताईपण होईल. आधी पेढे आण.”

मी कागद काढून सरांकडे नेला. ते दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, उलटासुलटा केला, चष्मा कपाळावर ढकलून अगदी जवळून पाहिला. मी त्यांच्या जुन्या ठरलेल्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिले. तो प्रश्न आला नाही. सरांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

आमचं काम काय होतं हे माझ्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. ती शेजारणीला सांगायची, “आमची राजमती लोहचुंबक शिकतीया.” शेजारीण विचारायची, “त्याला इतकी वर्षं लागत्यात होय?” प्रश्न रास्त होता.

काचेच्या नखाएवढ्या तुकड्यावर आम्ही दोन थर चढवायचो, एकावर एक, दोन्ही मिळून केसाच्या जाडीचा हजारावा भाग भरतील इतके पातळ. ही आमची फिल्म. खालचा थर लोहचुंबकी. त्यातले सगळे अणू एका दिशेला तोंड करून उभे असतात, आणि बाहेरच्या चुंबकानं फिरवलं की सगळे मिळून फिरतात. वरचा थर प्रतिलोहचुंबकी. त्यात एक अणू इकडे बघत असेल तर शेजारचा बरोबर उलटीकडे बघतो. एकाचं दुसऱ्यानं खोडलेलं, त्यामुळे बाहेरून बघाल तर त्या थरात चुंबकत्व म्हणून काही नाहीच. पण दोन्ही थर एकमेकांना चिकटलेले असले आणि चुंबकाच्या क्षेत्रात ठेवून त्यांना थंड करत नेलं, की तो मुका थर खालच्याला धरून बसतो. थंड होताना ज्या बाजूला तोंड असेल, ती बाजू. मग खालच्याला तिकडे वळणं सोपं जातं आणि उलटीकडे वळणं जड. कागदावरचा आकार, ज्याला आम्ही लूप म्हणायचो, तो एका बाजूला सरकतो.

सर हे समजावून सांगताना स्वतःच्या घराचं उदाहरण द्यायचे. “वरचा थर म्हणजे आमच्या काकू. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ह्या बाईचं घरात काही चालत नाही. तोंडातून शब्द नाही. पण मला डावीकडं वळायचं असलं की दुप्पट जोर लावावा लागतो, आणि उजवीकडं मी आपोआप वळतो. ह्याला म्हणतात संसार.” दर वर्षीच्या नव्या वर्गाला हा विनोद ऐकावा लागे. आणि मुलं दर वर्षी हसत, कारण काकूंना सगळ्यांनी पाहिलेलं असे.

पण ह्या लूपमध्ये एक मोठी फसगत असते. बाहेरच्या चुंबकाचा जोर कमी पडला तर खालचा थर पुरता वळतच नाही, आणि अर्धवट वळलेल्याचा लूप आपोआप एका बाजूला कलतो. वरच्या थरानं काही धरलेलं नसतं, तरी धरल्यासारखं दिसतं. हे ओळखायची खूण एकच. लूपच्या टोकाला वर जाणारी रेघ आणि परत येणारी रेघ एकमेकींना मिळाल्या पाहिजेत. मिळाल्या नाहीत तर जोर कमी पडला, आणि तो कागद रद्दी. मी सुरुवातीला असाच एक लूप मोठ्या हौसेनं सरांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तो दस्तगीरमामांच्या हातात दिला. “ह्यात भजी बांधून आण. दुसऱ्या कामाचा नाही हा.” त्या दिवशीची भजी मला गोड लागली नाहीत. पुढे कुणीही कुठलाही कागद आणला की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला: “टोकं जुळली का?” परीक्षेत नापास झालेल्या मुलालाही ते पाठीवर थाप मारून तेच विचारायचे.

तो प्रश्न त्यांनी दीड वर्षात विचारला नव्हता.

दीड वर्षापूर्वी, दिवाळीच्या आधी, सर बेळगावला मुलीकडे गेले होते. तिच्या घराचं काम निघालंय म्हणाले. परत आले ते जरा उतरलेले होते. आल्या आल्या त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आपली खुर्ची चुंबकाशेजारून उचलून दाराजवळ नेली. आणि दुसरी, तुकडे होल्डरला चिकटवायला आम्ही जी नेलपॉलिशची बाटली ठेवायचो, ती घेऊन चुंबकाला वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या तबकडीवर, जवळजवळ अर्ध्यावर, एक लाल ठिपका दिला.

“ह्याच्या पुढं काटा न्यायचा नाही. कॉइल म्हातारी झाली आहे. जास्त ताण सोसायची नाही.”

मी मान डोलावली. चुंबकाची तांब्याच्या तारेची कॉइल त्यांनीच तरुणपणी स्वतःच्या हातानं गुंडाळली होती. तिचं दुखणंखुपणं त्यांना माहीत असणार.

तर त्या दिवशी पेढे आले, वाटले गेले, शेजारच्या विभागातले लोक येऊन सरांचं अभिनंदन करून गेले. मी मात्र कागद सरांकडे देताना टोकं पाहिली होती. दोन रेघांमध्ये मुंगी जाईल एवढी फट होती.

*

सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. बंगळूरच्या परिषदेनं आमचा निबंध घेतला होता, आणि तो सर स्वतः वाचणार होते. आयुष्यभर मोठ्या संस्थांतल्या लोकांनी त्यांना गावाकडचा हौशी माणूस म्हणून वागवलं होतं. घरी गुंडाळलेली कॉइल, भंगारातून आणलेला पंप, ह्याची चेष्टा त्यांनी समोर बसून ऐकली होती. आता त्याच लोकांपुढे उभं राहून दोन बोटं सरकलेला लूप दाखवायचा होता. माझ्या प्रबंधाचा गाभाही तोच होता. आणि ती फट खरी असली तर आमच्याहून मोठा चुंबक असलेला कुणीही तीच फिल्म मोजून भर सभेत सांगणार होता, की इंगवल्यांनी म्हातारपणी पोरकट चूक केली.

मी आडून विचारून पाहिलं. “सर, एकदा जरा जास्त करंट देऊन बघू या का?”

“कॉइल.”

“थोडाच वेळ.”

“मगदूम, म्हाताऱ्या बैलाला कुणी शर्यतीत पळवतं का?”

विषय संपला. मी पंपाच्या खोलीत गेले. दस्तगीरमामा कॉइल गार ठेवणाऱ्या पाण्याचा नळ तपासत होते.

“मामा, कॉइल तापते का हो हल्ली?”

“कोन म्हनतं? पानी गार येतंय, गार जातंय. कॉइलला काय धाड भरलीया?” मग आवाज खाली करून म्हणाले, “पर सरांनी सांगितलंया न्हवं? मग न्हाई वाढवायचं. मोठ्या मानसाचं काय तरी आसतंय.”

त्या आठवड्यात मी सरांच्या घरी गेले ती सगळं बोलून टाकायचं ठरवूनच. सर बाजारात गेले होते. काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि न विचारता तव्यावर थालीपीठ टाकलं. नेहमीसारख्या त्या काही बोलत नव्हत्या. थालीपीठ उलटताना मात्र अचानक म्हणाल्या, “राजमती, ते आत जात नाहीत न्हवं? त्या चुंबकापाशी?”

“नाही काकू. हल्ली दाराशीच बसतात.”

“दाराशी न्हवं?”

“खुर्चीच तिकडे नेलीय त्यांनी.”

“मग बरं.” त्यांनी लोण्याचा गोळा माझ्या ताटात ठेवला. “दाराशी बसू देत. तेवढं बघ माझ्यासाठी.”

फिल्म थंड करायच्या द्रव नायट्रोजनच्या गारव्यानं सरांना पूर्वी खोकला व्हायचा. मला वाटलं, त्याचंच असेल. सर पिशवी घेऊन आले, काकूंनी ती पुढे होऊन त्यांच्या हातातून घेतली, आणि दोघांना असं समोरासमोर पाहून माझा धीर सुटला. मी थालीपीठ खाऊन परत आले.

*

शेवटी एका सकाळी मी बोलले. त्याच फिल्मचा नवा तुकडा मी चिकटवला होता, चुंबकाच्या क्षेत्रात थंड केला होता, आणि पहिल्या लूपसाठी सरांची वाट बघत होते. नव्या तुकड्याचा पहिला लूप सरांनी बघायचा, हा आमच्याकडचा दंडक होता. त्याला कारणही होतं. थंड केल्यावर वरच्या थराची पकड पहिल्या फेरीला सगळ्यात घट्ट असते. पुढच्या प्रत्येक फेरीला ती थोडी सैल होत जाते. पहिला लूप परत मिळत नाही. म्हणून सर तो कधी चुकवत नसत. तापात फणफणलेले असतानाही शाल पांघरून येऊन बसलेले मी पाहिले होते.

ते आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला.

“सर, एक विचारू?”

“विचार की. न विचारता तू कधी राहिलीस?”

“टोकं जुळली का?”

सरांनी चष्मा पुसायचा थांबवला.

“मला दिसतंय,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून दिसतंय.”

“मग तुम्ही मला विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

असं काही ते बोलतील ह्याची माझी तयारी नव्हती. ते रागावतील, मला वेड्यात काढतील, म्हाताऱ्या बैलाचं पुन्हा सांगतील, एवढ्याचीच मी तयारी केली होती.

“ठिपक्याच्या पुढे जायला हवं, सर. एकदाच. कॉइल तापली तर मी लगेच काटा खाली आणते. मामा नळापाशी उभे राहतील.”

“कॉइलला काही होत नाही गं.”

“मग?”

त्यांनी डाव्या खिशावर हात ठेवला. तिथं त्यांच्या चष्म्याचं घर असायचं. थोडा वेळ ते चुंबकाकडे बघत बसले. त्याच्या लोखंडावरचा हिरवा रंग जागोजागी उडाला होता आणि एका बाजूला त्यांनी कधीतरी खडूनं लिहिलेलं साल अजून वाचता येत होतं. मला वाटलं, आता ते नाही म्हणणार. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी पुढे काही केलं नसतं, एवढं मला माझं माहीत आहे.

“नायट्रोजन आहे?”

“दुपारपर्यंत पुरेल.”

“मग कर.” ते खुर्चीचे हात धरून उठले. “पहिला लूप आज तू बघ. मी बाहेर जातो. मी गेल्यावर वाढव, आधी नको.”

“सर, थांबा ना. दोघं बघू.”

“मी गेल्यावर,” ते पुन्हा म्हणाले, आणि खरंच गेले. व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज लांब जात राहिला. तो थांबेपर्यंत मी तबकडीवर हात ठेवून उभी होते.

मग मी काटा ठिपक्यापुढे नेला. चुंबकाचा हुंकार जाड झाला. टेबलाच्या कडेला ठेवलेला चिमटा हळूच तोंड फिरवून चुंबकाकडे बघायला लागला. दीड वर्षात तो कधी हलला नव्हता. मामा आतून ओरडले, “पानी गार हाय, ताई!” पेन कागदावर चढत गेलं, जुनं टोक ओलांडून पुढे गेलं, आणि तिथून माघारी फिरलं. येताना ते जाण्याच्या रेघेवरूनच आलं. टोक इतकं बारीक जुळलं की दोन रेघा वेगळ्या करता येईनात. खालचंही तसंच जुळलं.

लूप बरोबर मधल्या रेघेवर बसला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तीन वर्षांच्या आमच्या दोन बोटांपैकी पेनाच्या जाडीएवढंही काही उरलं नव्हतं.

*

आमचा व्हरांडा लांब होता. दोन्ही बाजूंना खोल्या, मध्ये जिना, आणि अगदी टोकाला मैदानाकडे उघडणारी एक खिडकी. सर त्या खिडकीपाशी होते. पाठ माझ्याकडे, ढगळ बुशशर्ट वाऱ्यानं फुगलेला.

“सर.”

ते वळले नाहीत. “जुळली?”

“जुळली.”

“सरकलाय?”

“नाही, सर. मध्ये आहे.”

“रेघेवर?”

“रेघेवर.”

त्यांनी मान हलवली. मैदानावर एनसीसीच्या मुलांची कवायत चालली होती. एक मुलगा सारखा चुकीच्या पायानं सुरुवात करत होता आणि हवालदार त्याला परत परत रांगेतून बाहेर काढत होता. सर तेच बघत असावेत.

“म्हणजे काकू घरात नव्हत्याच,” ते म्हणाले. “मी आपला उगीच घाबरून वागत होतो.”

मला हसू आलं नाही.

“आत या ना, सर. दुसरा लूप तुम्ही बघा. तुम्ही बघितल्याशिवाय मी कागद काढणार नाही.”

“चुंबक चालूच आहे?”

“चालू आहे.”

“मग तूच बघ. तुला नीट बघता येतं.” त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि प्रयोगशाळेची किल्ली त्यातून सोडवायला लागले. कडी घट्ट होती. त्यांचं नख तुटलं, तरी त्यांनी ती माझ्या हातात सोडवायला दिली नाही. “ही तुझ्याकडं असू दे. बंगळूरला मी कळवतो.”

त्यांनी खरंच कळवलं. चूक आमच्या मोजणीत होती आणि ती माझ्या विद्यार्थिनीनं पकडली, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून निबंध मागे घेतला. निरोप समारंभात कुणी त्यांना परिषदेबद्दल विचारलं, तर “लूप मध्ये बसला” एवढंच म्हणाले आणि भजी पुढे केली.

त्या सकाळनंतर सर प्रयोगशाळेत आले नाहीत. आम्ही आता रोज पूर्ण करंट वापरत होतो. मी कागद घेऊन ग्रंथालयात जायची, ते तिथं तपासायचे, कोपऱ्यात सही करायचे. “टोकं जुळली का?” हा प्रश्न परत आला होता, पण तो आता ग्रंथालयाच्या आवाजात यायचा. दाराजवळची खुर्ची तशीच होती. “सर रुसल्यात जनू,” मामा एकदा म्हणाले, आणि मी त्यांच्यावर उगीच खेकसले. मलाही तेच वाटत होतं. मी त्यांचं शेवटचं सुख मोडलं, आणि आता मला त्या खोलीत त्या चुंबकाशेजारी उभी बघणं त्यांना सोसत नाही, असंच मी धरून चालले होते. बाप रुसावा आणि कारण सांगू नये, तसं झालं होतं. लूप का सरकत नाही ह्यावर मी प्रबंध लिहिला. मला पदवी मिळाली. पेढे मीच आणले. सरांनी अर्धा खाल्ला.

*

चार वर्षांनी, मी गडहिंग्लजच्या कॉलेजात शिकवत असताना, दस्तगीरमामांचा फोन आला. सरांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि दवाखान्यात नेल्यावर दुसऱ्या दिवशी ते गेले होते.

मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसली होती. सरांना नुकतंच घरी आणलं होतं. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या तेव्हाही काही बोलत नव्हत्या. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. स्मशानात शेणी रचून झाल्याचा निरोप आला, बायकांचा हुंदका उठला, आणि त्याच गडबडीत बेळगावचे जावई आत आले. त्यांनी रुमालात गुंडाळलेली एक लहानशी वस्तू काकूंच्या हातात दिली.

“दवाखान्यातच काढून घेतलं, आई. नाहीतर चितेत फुटतं म्हणाले.”

काकूंनी रुमाल उघडला. हाताच्या तळव्यात मावेल अशी धातूची चपटी डबी होती, कडा गोलसर, एका बाजूनं वायरचं तोंड. मी ते यंत्र फक्त चित्रात पाहिलं होतं.

“हे सरांचं?” मी विचारलं.

“पेसमेकर.”

“कधी बसवला होता?”

“त्या दिवाळीआधी न्हवं का. बेळगावला गेले होते की. घराचं काम कुठलं आलंय, छातीचंच काम होतं.” काकू डबीवरून बोट फिरवत होत्या. “कुणाला सांगू नको म्हणाले. कळलं तर खोलीच्या दारातसुद्धा उभं करणार नाहीत मला, म्हणाले. डॉक्टरनी तर लोहचुंबकाचं नावच काढू नका म्हणून सांगितलंवतं. मी शब्द घेतला. म्हटलं, आत जायचं नाही. मग म्हणाले, दाराशी बसतो. मला काय कळतंय त्यातलं? म्हणून तर मी तुला विचारलं होतं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “दाराशीच बसत होते न्हवं?”

“हो, काकू,” मी म्हटलं. “दाराशीच बसत होते.”

मला रडू येईना. माझ्या डोक्यात लाल ठिपका होता, दाराजवळची खुर्ची होती, आणि दीड वर्ष न हललेला चिमटा होता. चुंबकाचं क्षेत्र पेसमेकरला बिघडवतं. पाच गॉसहून जास्त जोराच्या क्षेत्रात तशा माणसानं जाऊ नये, हे मी स्वतः माझ्या वर्गात शिकवत होते. सर रुसले नव्हते. पूर्ण करंटवर त्यांना त्या खोलीत येता येत नव्हतं, एवढंच होतं. त्या सकाळी मी आत बोलावत राहिले आणि त्यांनी फक्त विचारलं, चुंबक चालू आहे का. त्या गर्दीत, सरांचं अंग अजून घरात असताना, माझ्या मनावरचं चार वर्षांचं ओझं उतरलं. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटलं.

*

दिवसकार्य झाल्यावर परत जाण्याआधी मी विद्यापीठात गेले. चुंबक होता. मामा होते, निवृत्तीला आलेले. खुर्ची कुणीतरी हलवली होती, पण तिच्या चार पायांच्या गंजाचे डाग फरशीवर तसेच होते. ठिपकाही होता, जरा काळपट पडलेला.

“मामा, पाणी सोडा. एकदा चुंबक लावू.”

मी काटा ठिपक्यावर नेला आणि गॉसमीटर घेऊन डागांपाशी बसले. मीटरचा काटा पाचाच्या किंचित अलीकडे थांबला. मीटर वीतभर पुढे सरकवला तर काटा पाचाच्या पलीकडे गेला. सरांनी दाराजवळची म्हणून ती जागा निवडली नव्हती. चुंबकाच्या जितकं जवळ बसता येईल तितक्या जवळ ते बसले होते, आणि तितकं जवळ बसता यावं म्हणून चुंबकाचा जोर निम्मा केला होता. मग त्या निम्म्या जोरानं खोटा लूप सरकला, आणि तो खरा असावा असं त्यांना वाटायला लागलं. मी काटा ठिपक्यापुढे नेला तर लूप आणि खुर्ची दोन्ही जाणार, हे त्यांना त्या सकाळी माहीत होतं. तरी ते “मग कर” म्हणाले होते.

मी पूर्ण करंट दिला आणि गॉसमीटर धरून मागे मागे गेले. दाराच्या उंबऱ्यावर पाच आले. उंबरा ओलांडून व्हरांड्यात आले तर काटा पाचाच्या खाली उतरला. मी परत आत गेले, परत बाहेर आले. तेच. दाराबाहेर, चौकटीला टेकून उभं राहिलं तरी सरांना काही झालं नसतं. तिथून रेकॉर्डर दिसत होता. पेन चढताना, टोकं जुळताना त्यांना तिथून सगळं बघता आलं असतं. हे गणित त्यांना माझ्याहून चांगलं येत होतं.

उंबऱ्यापर्यंत त्यांना पेसमेकरनं नेलं होतं. तिथून पुढे, जिना ओलांडून, व्हरांड्याच्या टोकाच्या त्या खिडकीपर्यंत त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

मी तेवढं चालत गेले. मैदान रिकामं होतं. खिडकीपाशी पाठ करून उभं राहिलं की मागून येणाऱ्याला चेहरा दिसत नाही. त्या सकाळी मी येईपर्यंत सरांनी इथं काय केलं असेल ते मला आता कळलं, आणि मीही तेच केलं.

मामांची हाक आली. “ताई, बंद करू का?”

“करा,” मी न वळता म्हटलं.